पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचं रक्त



मंदिरातून बाहेर पडून चपला घालता घालता आपल्या बायकांच्या ज्या गप्पा होतात, त्यात उपवास, भाज्यांचे भाव आणि मुलांच्या परीक्षा यांच्या जोडीला हल्ली आणखी एक विषय आलाय. मारधाडीचा एखादा मोठा सिनेमा लागला की कोणीतरी विचारतंच, "वर्गातली सगळी मुलं चाललीत, आमचाही हट्ट धरून बसलाय. पाठवावं का हो?"

यावर साधारण दोन उत्तरं येतात. वयाने मोठ्या काकू म्हणतात, "आपण पीठ चाळतो, पाणी गाळतो, दिवस मावळायच्या आत जेवतो. आणि पैसे देऊन तीन तास खूनखराबा बघायला मुलांना पाठवायचं?" तरुण आया म्हणतात, "अहो काकू, मोबाईलवर सगळं बघतातच ती. एका सिनेमानं काय होतंय?" दोघींचंही थोडं खरं आहे, पण दोघींच्या उत्तरात आईला करण्यासारखं काही उरत नाही. एकीत फक्त दार लावायचं, दुसरीत ते सताड उघडं ठेवायचं.

माझं मत जरा वेगळं आहे. सिनेमात रक्त किती आहे, एवढ्यावरून तो मुलांसाठी योग्य की अयोग्य हे ठरत नाही. रक्त सांडतं तेव्हा तो सिनेमा आपल्या मुलाच्या मनाकडून काय करून घेतो, हे बघायला हवं. त्याला वाईट वाटायला लावतो, की टाळी वाजवायला लावतो? कृत, कारित आणि अनुमोदित हे तीन शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मनातून 'छान' म्हटलेलं. थिएटरच्या खुर्चीत बसलेलं मूल पहिली दोन करत नाही. तिसरं मात्र करू शकतं, आणि तिथेच आपण लक्ष द्यायला हवं.

आधी सरकारी प्रमाणपत्राचं बघू, कारण बऱ्याच जणींचा भरवसा त्यावरच असतो. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सेन्सॉर बोर्ड प्रमाणपत्र देतं. १९८३ पासून त्यात यू, यूए, ए आणि एस असे चार वर्ग आहेत. यूए म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचं तर आईवडिलांनी विचार करावा. जवळजवळ चाळीस वर्षं हा एकच मोठा डबा होता, आणि त्यात काहीही मावायचं. थोडासा भीतिदायक कौटुंबिक सिनेमाही यूए, आणि भर दरबारात माणसाचं मुंडकं उडवणारा 'बाहुबली २'सुद्धा यूए. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या डब्याचे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. यूए १६+ लिहिलेल्या सिनेमाला चौदा वर्षांच्या मुलाला दारात अडवण्याचं बंधन थिएटरवर नाही. कायद्याने अडवायचं असतं ते फक्त ए प्रमाणपत्राला, अठरा वर्षांखालच्यांना. बाकीचे आकडे आईवडिलांसाठी सूचना आहेत. म्हणजे निर्णय कायद्यानेच आपल्या पदरात टाकलाय. तेव्हा "सरकारने पास केलाय ना, मग झालं" असं म्हणता येत नाही. सरकारने १३ आणि १६ हे आकडे छापले ते आपण विचार करावा म्हणूनच.

आता 'छावा' घ्या. १४ फेब्रुवारी २०२५ ला तो लागला आणि महाराष्ट्रातलं क्वचितच एखादं घर असेल जिथे तो बघायचा की नाही यावर बोलणं झालं नाही. लक्ष्मण उतेकर यांचा सिनेमा, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला, आणि प्रमाणपत्र यूए १६+. शेवटच्या भागात संभाजी महाराजांचे झालेले हाल पडद्यावर बराच वेळ दिसतात. तरीही पाच-सहा वर्षांच्या मुलांना मांडीवर घेऊन लोक गेले. सिनेमा संपल्यावर हुंदके देऊन रडणाऱ्या लहान मुलांचे व्हिडिओ तेव्हा मोबाईलवर खूप फिरले, आणि "बघा, एवढ्याशा पोराला केवढा अभिमान" असं कौतुकही झालं. मला ते कौतुक पटलं नाही. सहा वर्षांचं मूल इतिहासासाठी रडत नाही. डोळ्यांसमोर एका माणसाला साखळदंडात बांधून छळतायत आणि आई-बाबा शेजारी बसूनही ते थांबवत नाहीत, म्हणून ते रडतं. त्याच्या मनात त्या दिवशी भीती बसते, अभिमान नाही.

माझी भाची विरारला राहते, तेव्हा ती अकरावीत होती, सोळा पूर्ण. तिला घेऊन मी थिएटरमध्ये गेले. माझा मुलगा चौदाचा. त्याला मी त्या वेळी नेलं नाही. वर्गातली निम्मी मुलं जाऊन आली होती, आणि घरात चार दिवस अबोला होता. एप्रिलमध्ये सिनेमा नेटफ्लिक्सवर आला तेव्हा दुपारी, उजेडात, आम्ही तो घरी एकत्र बघितला. शेवटच्या भागात दोनदा थांबवला. एकदा तो पाणी प्यायला उठला, एकदा त्यानेच सांगितलं, "आई, जरा थांब." हे 'जरा थांब' थिएटरमध्ये म्हणता येत नाही. चौदा आणि सोळा यांत मला दिसलेला फरक एवढाच आहे, पण मला तो पुरेसा वाटतो.

भाचीचं वेगळंच. बाहेर पडताना लोक घोषणा देत होते आणि ती गप्प होती. घरी आल्यावर तिने विचारलं, "मामी, येसूबाईंचं पुढे काय झालं?" आम्ही शोधून वाचलं. १६८९ मध्ये रायगड पडला, येसूबाई आणि बाळ शाहू मोगलांच्या कैदेत गेले, आणि येसूबाईंची सुटका झाली ती १७१९ मध्ये. सुमारे तीस वर्षं. सिनेमा जिथे संपतो तिथून या बाईची परीक्षा सुरू झाली. हे ऐकून ती म्हणाली, "हे तर कोणी दाखवतच नाही." सोळा वर्षांची मुलगी हिंसा बघून हा प्रश्न विचारत असेल, तर तो सिनेमा बघून तिचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या मोजते. एक भीती, दुसरी गोडी. भीती वयावर अवलंबून असते. ती सहा वर्षांच्या मुलाला जास्त, सोळाच्या मुलाला कमी. प्रमाणपत्रावरचे आकडे मुख्यतः भीतीच मोजतात, आणि त्यासाठी ते बरे आहेत. पण हिंसेची गोडी हे आकडे मोजत नाहीत. आणि गोडीचं गणित उलटं असतं. सहा वर्षांच्या मुलाला ती लागत नाही, ते डोळे मिटून घेतं. ती लागते चौदा-पंधरा-सोळाला, जेव्हा मिसरूड फुटू लागते, कोणी अपमान केला तर तो महिनाभर डोक्यात राहतो, आणि 'आपणही एकदा दाखवून द्यावं' असं वाटत असतं.

गोडीचं उदाहरण म्हणून मी 'अ‍ॅनिमल'चं नाव घेईन. १ डिसेंबर २०२३ ला आला, ए प्रमाणपत्र, तीन तास एकवीस मिनिटं. न बघता मत देणं मला आवडत नाही, म्हणून ओटीटीवर आल्यावर मी तो घरी एकटीने बघितला. मध्यंतराच्या आधी एका हॉटेलात भली मोठी कत्तल आहे. आधी कुऱ्हाड, मग एक अवजड मशीनगन. ती घेऊन येणारा मराठी माणूस आपल्या उपेंद्र लिमये यांनी केलाय, आणि तिथे 'डॉल्बीवाल्या' वाजतं. ज्या गाण्यावर आपली मुलं लग्नाच्या वरातीत नाचतात, तेच. कितीतरी माणसं पडतात, त्यातल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नसतं, एकाचाही चेहरा लक्षात राहत नाही. आणि पाय मात्र ठेका धरतो. माझाही धरला. गाणं आहेच तसं. मी चाळिशीतली बाई, धर्मवाचन करणारी. पंधरा वर्षांच्या मुलाचं काय होत असेल?

'छावा'चा शेवट बघताना आपण मार खाणाऱ्याच्या बाजूने असतो, इथे मारणाऱ्याच्या. पहिल्यात हिंसा दुःख म्हणून येते, दुसऱ्यात मेजवानी म्हणून. रक्त दोन्हीकडे आहे. एका गोष्टीसाठी मात्र 'अ‍ॅनिमल'च्या प्रमाणपत्राला दाद द्यायला हवी. ते ए आहे आणि निदान कागदावर तरी मुलांना दार बंद आहे. पण कमी रक्त दाखवून हीच गोडी लावणारे कितीतरी सिनेमे यूए घेऊन घरात येतात, तेव्हा आपण निर्धास्त असतो.

माझ्या मुलाचं यावर उत्तर ठरलेलं. "आई, ते सगळं खोटं असतं. व्हीएफएक्स. कोणी मरत नाही." तुमच्याही घरात हे ऐकलं असेल. मी त्याला यशोधर राजाची गोष्ट सांगितली. आपल्यातल्या बहुतेकींना ती माहीत आहे. सोमदेवसूरींनी इसवी सन ९५९ मध्ये 'यशस्तिलक' लिहिलं ते याच राजावर, आणि त्यांच्याआधी आणि नंतरही कितीतरी जणांनी ही कथा सांगितली. यशोधराला वाईट स्वप्न पडतं. आई चंद्रमती म्हणते, देवीला प्राण्याचा बळी दे, अरिष्ट टळेल. तो नको म्हणतो, जीव घ्यायला त्याचं मन धजत नाही. मग मायलेकांत तडजोड होते. खरा कोंबडा नको, पिठाचा करू. पिठाचा कोंबडा होतो, रंगवला जातो, आणि खऱ्यासारखाच कापला जातो. रक्ताचा थेंबही सांडत नाही. आणि त्याबद्दल मायलेकांना मोर, कुत्रा अशा कितीतरी जन्मांतून फिरावं लागतं.

ही गोष्ट ऐकून मुलगा म्हणाला, "ही जरा जास्तच शिक्षा आहे." मलाही लहानपणी तसंच वाटायचं. सिनेमा बघणाऱ्या मुलाला मोराचा जन्म मिळेल असं मी म्हणत नाही, तशी भीती घालायचीही नाही. राजाने स्वतः तलवार चालवली, मुलगा नुसता बघतोय, हा फरकही मला कळतो. पण ही कथा ज्यांनी रचली त्यांना एक गोष्ट फार नेमकी दिसली होती. वस्तू खोटी असली तरी भाव खरा असू शकतो. पिठाचा कोंबडा खोटा, पण तो कापताना मनात उठलेला 'मार' हा शब्द खरा. द्रव्यहिंसा झाली नाही, भावहिंसा झाली. व्हीएफएक्स म्हणजे आजचं पीठच आहे. रक्त संगणकावर बनलेलं असतं, पण ते बघून झालेला आनंद संगणकावर बनत नाही. तो आपल्याच मुलाच्या मनात तयार होतो.

यावर हुशार मूल पुढचा प्रश्न विचारतं, आणि विचारायलाच हवा. "मग आपल्या पुराणांत कमी हिंसा आहे का?" नाही, कमी नाही. गजकुमार मुनींच्या डोक्यावर निखारे ठेवतात. सुकुमाल मुनींना कोल्हीण आणि तिची पिल्लं खातात. पांडवांना तापलेल्या लोखंडाचे दागिने घालतात. पाठशाळेत सात-आठ वर्षांची मुलं हे ऐकतात. प्रथमानुयोगाला प्रमाणपत्र द्यायची वेळ आली तर यूए १६+ तरी द्यावंच लागेल!

पण या गोष्टी ऐकताना आपलं लक्ष कुठे असतं ते आठवा. निखाऱ्यांचं वर्णन एका ओळीत संपतं आणि गोष्ट मुनींच्या मनात शिरते. आपण विचारतो, ते शांत कसे राहिले? त्या निखारे ठेवणाऱ्याला नंतर कोणी कसं तुकडे तुकडे केलं, हे ऐकायला आपण थांबत नाही. कथा आपल्याला ती भूकच लावत नाही.

भरत आणि बाहुबलींची गोष्ट तर सरळ युद्धाचीच आहे. दोन भाऊ, दोन सैन्यं समोरासमोर उभी. मंत्री म्हणतात, तुम्हा दोघांच्या भांडणात हजारो माणसं कशाला मारायची, तुम्ही दोघंच लढा. मग दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. तिन्हींत बाहुबली जिंकतात, चिडलेला भरत चक्र सोडतो, तेही त्यांना इजा करत नाही. आता सिनेमाच्या हिशोबाने खरी मारामारी इथे सुरू व्हायला हवी. भावाने नियम मोडलाय, अपमान झालाय, हातात ताकद आहे. आणि नेमकं तिथे बाहुबली सगळं सोडून निघतात. कुंभोजला त्या मूर्तीसमोर उभं राहिल्यावर आपण हात जोडतो ते या थांबण्याला. आपल्या मुलांना मात्र बाहुबली म्हटलं की आधी प्रभास आठवतो. त्यात त्यांचा दोष नाही, पण दुसरी गोष्ट सांगायचं काम आपलं आहे.

इथे एक गैरसमज दूर करते. जैन म्हणजे युद्धाची गोष्टच ऐकायची नाही, लढणारा प्रत्येक जण पापी, असं नाही. आपल्याकडे गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाने पूर्ण सोडायची ती संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून, मारण्याच्या हेतूने केलेली. स्वतःच्या, दुसऱ्याच्या किंवा देशाच्या रक्षणासाठी नाइलाजाने करावी लागते ती विरोधी, आणि ती गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती उभारणारा चामुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता. तेव्हा मुलाने विचारलं, "संभाजी महाराज लढले ते चुकीचं का?", तर अजिबात अडखळू नका. नाही, चुकीचं नाही. पण रक्षणासाठी उचललेली तलवार आणि सूडासाठी, मजेसाठी उचललेली कुऱ्हाड यांतला फरक त्याला त्याच वेळी दाखवा.

हा फरक घरात सांगितला नाही तर तो रस्त्यावर पुसला जातो. १७ मार्च २०२५ ला औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल झाली. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की त्यांना कुठल्याही चित्रपटाला दोष द्यायचा नाही, पण 'छावा'नंतर लोकांच्या औरंगजेबाविरुद्धच्या भावना पुन्हा पेटल्यात, आणि तरीही सगळ्यांनी महाराष्ट्र शांत ठेवायला हवा. दंगलीमागे कारणं अनेक असतात, एका सिनेमावर ती ढकलून मोकळं होणं मलाही मान्य नाही. पण त्या आठवड्यात मी मुलाशी बोलले. आपण तुळिंजला राहतो. आपल्या रस्त्यावर, आपल्या इमारतींत, मुलांच्या वर्गात सगळ्या धर्मांची माणसं आहेत. तिकिटाच्या रांगेपासून ट्यूशनच्या बाकापर्यंत आपण एकमेकांना खेटून असतो. १६८९ मधल्या बादशहाचा राग २०२५ मधल्या बाकावरच्या मित्रावर निघत असेल, तर तो इतिहास राहिला नाही, ती संकल्पी हिंसेची सुरुवात झाली. मुलाला हे कळलं. पण ते सिनेमाने सांगितलं नव्हतं, घरात बोलावं लागलं.

जुन्या सिनेमांचं उदाहरण बरेच जण देतात. "आम्ही 'शोले' बघूनच मोठे झालो, काय बिघडलं?" तर 'शोले'ची गंमत ऐका. १९७५ मध्ये तो सेन्सॉरकडे गेला तेव्हा शेवटी ठाकूर गब्बरला मारून टाकतो असं होतं. पोलिसात काम केलेल्या माणसाने असा सूड घेणं बोर्डाला मान्य झालं नाही. शेवट पुन्हा चित्रित झाला. पोलीस येतात, ठाकूर थांबतो, गब्बरला अटक होते. त्या वेळच्या बोर्डाचे इतर निर्णय कसेही असोत, इथे त्यांनी प्रश्न बरोबर विचारला होता. रक्त किती, हा नाही, तर नायक शेवटी थांबतो की नाही, हा. आपण 'शोले' बघून बिघडलो नाही, यात त्या थांबण्याचाही थोडा वाटा असेल.

आता वडीलधाऱ्या काकूंचं म्हणणं. त्या समंतभद्र आचार्यांचा दाखला देतात, आणि तो खरा आहे. 'रत्नकरंड श्रावकाचारा'त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यात एक दुःश्रुती. मन मलिन करणाऱ्या गोष्टी ऐकणं. त्यात द्वेषही येतो, साहसही येतं. मी याच्याशी पूर्ण सहमत आहे, म्हणूनच गोडी मोजा म्हणते. पण दुःश्रुती मुलाला स्वतः ओळखता आली पाहिजे. दहा वर्षांपर्यंत आपण 'नको' म्हटलं की पुरतं. पंधराव्या वर्षी कारण न सांगता म्हटलेल्या 'नको'चा अर्थ 'आईला कळू देऊ नको' असा होतो. तो मित्राच्या घरी बघेल, किंवा विरार लोकलमध्ये मित्राच्या मोबाईलवर चाळीस सेकंदांचे तुकडे बघेल. आणि ते तुकडे सिनेमापेक्षा वाईट. कारण त्यात आधीचं दुःख नाही, नंतरचा पश्चात्ताप नाही, नुसती कुऱ्हाड आणि गाणं. त्याला कुठलं प्रमाणपत्रही नसतं.

आपल्या मातीतच याचं एक जुनं उदाहरण आहे. स्टेशनच्या पलीकडे सोपाऱ्यात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आता मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. त्या लेखाचा विषय काय, तर राजाची करमणूक! पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार करत, मजा करत. अशोकाने त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली. साधूंना भेटणं, वृद्धांना दान देणं, खेड्यातल्या लोकांशी बोलणं. आणि तो म्हणतो की यात आनंद जास्त आहे. त्याने बाहेर पडणं बंद केलं नाही, मजाही बंद केली नाही. मारण्याची मजा काढली आणि दुसरी दिली. बावीसशे वर्षांपूर्वी आपल्या गावात दगडावर कोरलेली ही गोष्ट मला आजच्या आयांसाठी फार उपयोगी वाटते. नुसतं 'हा सिनेमा नको' म्हणून मूल घरी बसत नाही, त्या रविवारी त्याला दुसरं काहीतरी द्यावं लागतं. वसईचा किल्ला असो, समुद्र असो, नाहीतर आपण सोबत बसून बघितलेला दुसरा सिनेमा.

आमच्या घरात सध्या जे चालतं ते सांगते. पटेल ते घ्या.

तेरा वर्षांखाली यूए १६+ नाही, मग विषय कितीही पवित्र असो. शिवकाल असो की पुराण, हाल बघायचं वय यावं लागतं.

तेरा ते पंधरा या वयात आधी आमच्यापैकी एकाने बघायचं, किंवा बघून आलेल्या विश्वासाच्या माणसाला विचारायचं. विचारताना "रक्त किती?" असं विचारत नाही. "नायक कशासाठी मारतो, आणि मारल्यावर त्याला काय मिळतं?" असं विचारते. मारल्यावर त्याला फक्त टाळ्या मिळत असतील, तर तो सिनेमा वर्षभर थांबू शकतो. दाखवायचाच तर घरी, उजेडात, थांबवता येईल असा.

सोळा-सतराला निर्णय त्यांचा. पण दुसऱ्या दिवशी जेवताना दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची. थिएटरमध्ये सगळ्यात जास्त शिट्ट्या कुठे पडल्या? आणि मेलेल्यांपैकी किती जणांची नावं आठवतात? यावर मी भाषण देत नाही. उत्तर देता देता त्यांचं त्यांनाच कळतं.

ए प्रमाणपत्र अठरापर्यंत नाही, थिएटरमध्येही नाही आणि घरीही नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ओटीटीवर यूए १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना पालकांसाठी कुलपाची सोय द्यावीच लागते. ती मोबाईलच्या आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये असते, पण आपणच पिन टाकला नाही तर कुलूप उघडंच. आज दुपारी पाच मिनिटं काढून टाका. पिन मुलाच्या जन्मतारखेचा नको, एवढी काळजी घ्या. आणि आपण ठामपणे मागितलं तर व्यवस्था बदलते, हेही लक्षात असू द्या. टीव्हीवर ए सिनेमे दाखवले जात, त्याविरुद्ध मुंबईतल्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी २००४ मध्ये उच्च न्यायालयात गेल्या, आणि पुढे टीव्हीवर फक्त यू आणि यूए सिनेमे दाखवायचे असं ठरलं. एका बाईने धरलेला तो आग्रह होता.

दरवर्षी दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा असतो. मुलं आपल्याबरोबर येतात, प्रवचनात बसतात. उरलेल्या वर्षभर पडदा त्यांना सांगतो की क्षमा करणारा भित्रा आणि सूड घेणारा मर्द. या दोन शिकवणी एकाच मनात बसवताना मूल गोंधळणारच. तो गोंधळ मिटवायला ना सेन्सॉर बोर्ड येणार, ना थिएटरवाला. पुढच्या वेळी मुलाने तिकिटाचे पैसे मागितले की 'हो' किंवा 'नाही' म्हणायच्या आधी त्याला विचारा, "यात टाळी कशाला वाजवायची आहे?" त्याचं उत्तर ऐका, मग ठरवा.

जय जिनेंद्र.